राखेची जागा

सोमवारी सकाळी मोखेथींनी परसात चार खुंट्या ठोकल्या आणि त्यांना सुतळी ताणून बांधली. मंगळवारी पाहतात तर पीचच्या झाडाकडची खुंटी दोन पावलं अलीकडे आलेली आणि सुतळी तिरकी झालेली.

"शेळ्या," स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते म्हणाले. "सेखोबेच्या शेळ्या शिरल्या असतील."

"असतील," मात्लाली म्हणाली. ती उंबऱ्यावर बसून हंगामातले शेवटचे पीच वाळवणासाठी कापत होती.

"पण शेळी खुंटी उपटेल. पुन्हा ठोकेल कशी?"

"शिक्षक तुम्ही होतात, न्ताते. तुम्हीच सांगा."

न्ताते म्हणजे बाबा; मुलं म्हणत तसंच तीही नवऱ्याला म्हणायची. चाळीसहून जास्त वर्षं वर्गात बोललेला हा माणूस घरात बायकोच्या एका वाक्यापुढे गप्प व्हायचा. त्यांनी खुंटी मूळ जागी नेली, दगडाने दोन घाव जास्तच घातले, आणि हात झटकत पुन्हा पुस्तकाकडे वळले.

खुंट्या ठोकायला सांगितलं होतं मुलाने, त्सेलिसोने. फेब्रुवारीत मोखेथी पाण्याच्या टाकीपाशी घसरले होते. मात्लाली चर्चमध्ये होती. तासभर ते उताणे पडून आभाळ बघत राहिले, हाक मारायचाही संकोच वाटला म्हणून. हे कळल्यापासून त्सेलिसो जोहान्सबर्गहून दर रविवारी फोनवर एकच गोष्ट लावून धरत होता. परसात एका ओळीत चार खोल्या बांधायच्या, इस्पितळातल्या नर्सना राहायला द्यायच्या. "भाडं तुम्हीच ठेवा, न्ताते. मला फक्त तुमची हाक ऐकणारं माणूस हवंय." ईस्टरला तो येणार होता. गुड फ्रायडेला फावडं उचलायचं नाही, सोमवारी परत निघायचं, म्हणून पाया शनिवारी खणायचा असं ठरलं होतं.

मोखेथींना हे पटलं होतं. निदान पटलं नाही असं म्हणण्याइतकी खात्री त्यांना नव्हती.

डिसेंबरात शाळेतून निवृत्त झाल्यानंतर ह्लोत्से गावातला हा त्यांचा पहिला शरद ऋतू, दक्षिणेकडच्या या देशात एप्रिलला येणारा, घरी बसून बघितलेला. नदीकाठचे पॉप्लर पिवळे झाले होते, ज्वारीची कणसं लाल होऊन वाकली होती, सकाळी कांबळं पांघरल्याशिवाय बाहेर पडवत नव्हतं. हे सगळं त्यांना शाळेच्या खिडकीतून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते घर. घरातले दिवस आपोआप उजाडतात आणि मावळतात असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. आता रोज बघत होते, की एकेक दिवस ही बाई हाताने उभा करते. सोमवारी धुणं. मंगळवारी पत्र्यावर पीच वाळत घालायचे आणि दिवसातून तीनदा उलटायचे. बुधवारी जुने रोगी, कारण इस्पितळातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तिच्या बाप्तिस्म्याच्या नावाने 'सिस्टर अगाथा' म्हणत कुणी ना कुणी पाय दाखवायला यायचंच. मोखेथी खुर्चीत पुस्तक उघडं ठेवून बसत आणि पान उलटायचं विसरत.

धुण्याचं पाणी ती अजून बाहेर तीन दगडांवर तापवायची. घरात गॅस होता. सोमवारी त्यांनी विचारलंही.

"गॅस कशासाठी घेतला मग?"

"गॅसची राख पडत नाही."

संध्याकाळी त्यांनी पाहिलं, तिने थंड झालेली राख ताटात भरली आणि पीचच्या झाडामागे नेली. तिथे मोखेथींच्या आईच्या काळापासून राख टाकत. आता ढीग असा उरला नव्हता, गवत उगवलेला उंचवटा होता. राख लोक उभ्यानेच टाकतात, वाऱ्याकडे पाठ करून. मात्लाली खाली बसली. मूठमूठ घेऊन तिने ती पसरली, वरून तळवा फिरवला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

तिथे भोपळे लावू या, असं त्यांनी एका वर्षी सुचवलं होतं. "तिथे भोपळा येत नाही," ती म्हणाली होती. राखेच्या जमिनीत भोपळा येत नाही, हे त्यांनी आयुष्यात प्रथमच ऐकलं होतं. पण ते वाद घालणारे नव्हते.

बुधवारी खुंटी पुन्हा सरकलेली होती.

गुरुवारी त्यांना पहाटेच जाग आली. अंथरुणात शेजारची जागा रिकामी होती. खिडकीचा पडदा बोटभर सारून पाहिलं. तांबडं फुटत होतं. मात्लाली रात्रीच्या झग्यावर कांबळं गुंडाळून, अनवाणी, दगडाने खुंटी ठोकत होती. आवाज होऊ नये म्हणून तिने खुंटीच्या डोक्यावर फडका धरला होता. ठोकून झाल्यावर ती उंचवट्याकडे वळली, वाकली, आणि हात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूने माती हलकेच चाचपली.

ही खूण ते ओळखत होते. दोन्ही मुलांच्या कपाळावर ती असाच उलटा हात ठेवायची, ताप बघायला.

मोखेथींनी पडदा सोडला. दुसऱ्याचं पत्र चुकून वाचल्यासारखं त्यांना झालं. ते पाय न वाजवता आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून वह्या काढल्या. गावाच्या चौकातल्या निलगिरीच्या झाडांवर दर उन्हाळ्यात छोटे ससाणे हजारांनी मुक्कामाला येतात आणि शरदात एके दिवशी सगळे मिळून उत्तरेकडे निघून जातात. कोणत्या दिवशी गेले ते मोखेथी दरवर्षी लिहून ठेवत. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची वही तळाशी होती. एप्रिलच्या पानावर त्यांच्याच तरुण, नेटक्या अक्षरात एक ओळ होती: शनिवार. पाखरं गेली.

तेव्हा ते डोंगरातल्या शाळेवर होते, शनिवारीच घरी यायचे. त्या शनिवारी आई दारात उभी होती. ती म्हणाली, मूल रडलंच नाही. म्हणाली, हे बायकांचं काम आहे, झालंय, पुरुषाने विचारायचं नसतं. आत मात्लाली भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्यांनी विचारलं नाही. आभाळ रिकामं दिसलं, तेवढं लिहिलं.

वही मांडीवर घेऊन ते उजाडेपर्यंत बसून राहिले. त्यांच्या वाचायच्या खुर्चीपासून पीचचं झाड तीस पावलांवरही नव्हतं.

*

शुक्रवारी संध्याकाळी जेवायला सगळे एका टेबलाशी बसले होते. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पापा, पालेभाजी, आणि गुड फ्रायडेच्या उपासाला मांस चालत नाही म्हणून डब्यातले मासे. मुलगी न्थोफेला दुपारीच आली होती, त्सेलिसोच्या गाडीतून. ती जोहान्सबर्गला बँकेत होती. लिकेलेली आत्या, न्ताते मोखेथींची थोरली बहीण, सणाला राहायला आलेली, टेबलाच्या टोकाशी होती. ऐंशी वर्षांची, गुडघ्यांनी थकलेली, पण तिच्या कानांचा अख्ख्या घराला धाक होता. शेजारच्या खोलीत कुणी कुजबुजलं तर ती इकडून उत्तर द्यायची.

"न्ताते, सुतळी तिरकी का आहे?" त्सेलिसोने विचारलं. "खोल्या काय नदीकडे तोंड वळवून बांधायच्यात?"

"शेळ्या," मोखेथी ताटात बघत म्हणाले.

"मी सेखोबेला विचारलं. तोच तर उद्या पाया खणणार आहे. तो म्हणाला, माझ्या शेळ्या महिनाभर डोंगरावर आहेत, गुरुजींना सांगा, गरीब जनावरांवर आळ घेऊ नका."

न्थोफेला हसली. आत्याही हसली. म्मे, म्हणजे आई, हसली नाही हे न्थोफेलाच्या लक्षात आलं.

"त्सेलिसोचं बरोबर आहे," न्थोफेला म्हणाली. गाडीत त्यांचं तसं ठरलंच होतं. "आम्ही दोघं तिकडे, तुम्ही दोघं इकडे. रात्री फोन वाजला की मी अंथरुणात उठून बसते."

"मलाही आवडेल," आत्या म्हणाली. "तरण्या मुली असतील, गाणी म्हणतील. या दोघांच्या घरात घड्याळ तेवढं बोलतं."

"झालं तर मग. तिघं एका बाजूला," त्सेलिसो म्हणाला. "म्मे?"

"बांधा," मात्लाली म्हणाली. "पीचच्या अलीकडे बांधा."

"अलीकडे तीनच बसतात. आणि चौथीचं मोरीचं पाणी काढायला उतार तिकडेच आहे. तिथे आहे काय, म्मे? उकिरडा तर आहे."

आत्याचा घास हातातच राहिला. न्थोफेलाने ते पाहिलं. आत्या म्मेकडे बघत होती आणि म्मे मिठाच्या वाटीकडे.

"मीही म्हणतो, ती जागा सोडू या," मोखेथी हळूच म्हणाले.

"का पण? काहीतरी कारण असेल ना?"

"कारण... मला तसं नीट सांगता येणार नाही. मला खात्री नाही."

"तुम्हाला कधी कशाची खात्री असते का, न्ताते? टाकीपाशी पडलात, तर हाक मारावी की नाही याचीही तुम्हाला खात्री नव्हती. मी तिकडे रात्रंदिवस..."

"वडिलांशी बोलतोयस," मात्लाली म्हणाली. आवाज न चढवता.

"चुकलो, न्ताते."

"नाही, नाही. तुझं खरंच आहे," मोखेथी म्हणाले, आणि तेच जास्त लागलं.

जेवणानंतर न्थोफेला आत्याला घेऊन मागच्या ओट्यावर बसली. चौकातल्या निलगिरीवर ससाणे उतरत होते. आधी पन्नासेक, मग आभाळभर, धान्य पाखडताना सूप हलावं तसे एका लयीत वर-खाली होत, आणि त्यांच्या किलबिलाटात गावातल्या गाड्यांचा आवाज बुडून गेला. लहानपणापासून पाहिलेलं. तरी तिला दर वेळी श्वास घ्यायचं भान राहायचं नाही.

"आत्या, एक विचारू? माझं नाव कुणी ठेवलं?"

"तुझ्या आजीने. का?"

"बँकेत नवीन साहेब आलाय, आपल्याकडचाच. पाटी वाचून हसला. म्हणाला, न्थोफेला म्हणजे नुसती वस्तू? आई-बापांना दुसरं काही सुचलं नाही का?"

"त्याला म्हणावं, मुद्दाम ठेवलंय. मरणाने दारातून डोकावलं तर त्याला वाटावं, इथे काही नाही, नुसती वस्तू पडलीय. त्याने पुढे जावं."

"आणि त्सेलिसो? म्हणजे सांत्वन."

"हो."

"कशाबद्दल सांत्वन, आत्या? तुम्ही सगळे इतके कशाला घाबरला होतात?"

आत्याने कांबळं गळ्यापाशी ओढून घेतलं. उत्तर न्थोफेलाला खरं तर ठाऊकच होतं. म्मे या घरात नवरी म्हणून आली त्याच दिवशी तिचं नाव मात्लाली ठेवलं गेलं, त्लालीची आई. पहिला मुलगा होईल, त्याला आजोबांचं नाव मिळेल, म्हणून आधीच. अख्खं गाव तिला त्याच नावाने हाक मारतं, आणि त्लाली नावाचा कुणी घरात नाही. चर्चच्या स्मशानात कुठेतरी असेल, असं दोघा भावंडांनी लहानपणीच धरून टाकलं होतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

"रडलं नाही त्या बाळाला स्मशानात नेत नाहीत," आत्या पाखरांकडे बघत म्हणाली. "घरापासून लांब त्याला कशाला न्यायचं? मडक्यात निजवतात. राखेत. राख ऊबदार असते. तुझ्या आजीने आणि मी नेलं. मी तुला काही सांगितलेलं नाही."

"न्तातेंना?"

"पुरुषांना सांगत नाहीत."

"आणि म्मेला?"

"तिला आम्ही जागा दाखवली नव्हती. चाळिसाव्या दिवशी ती उठली, सरळ तिथे गेली आणि बसली." आत्याने काठीची मूठ चोळली. "कसं कळलं, मी अजून विचारलेलं नाही. धीर होत नाही."

*

शनिवारी सकाळी मात्लाली चहा टाकत होती, तेव्हा तिला फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती खिडकीशी गेली.

मोखेथी स्वयंपाकघरातली खुर्ची दोन्ही हातांनी पोटाशी धरून परसातून चालले होते. डोक्यावर शाळेत घालायची टोपी, खांद्यावर कांबळं, काखेत एक जुनी वही. पीचच्या झाडामागे जाऊन त्यांनी खुर्ची उंचवट्याच्या कडेला ठेवली, हलते का ते दोनदा बघितलं, आणि बसले. वही मांडीवर ठेवली. उघडली नाही.

फाटकातून सेखोबे कुदळ-फावडी घेऊन येत होता, बरोबर त्सेलिसो.

"गुरुजी," सेखोबे म्हणाला, "शेळ्या नाहीत, बघून घ्या. आता जरा उठलात तर दोरी लावतो."

"मी इथे बसतो," मोखेथी म्हणाले.

"न्ताते, सकाळी सकाळी काय हे?" त्सेलिसो म्हणाला. "थंडी आहे. पडाल."

"पडलो तर हाक मारीन."

मात्लाली चहाचा कप हातात तसाच घेऊन बाहेर आली. तिच्या मागून न्थोफेला, आणि काठी टेकत आत्या. आत्याने भावाला बघितलं आणि तिचा आवाज एकदम तरुण झाला.

"मोखेथी. ऊठ तिथून. पुरुषांनी तिथे..."

ती अर्ध्यातच थांबली.

"बसायचं नसतं," मोखेथींनी वाक्य पुरं केलं. "ते मला माहीत नव्हतं, ताई. मी चुकीच्या जागी बसलो असेन. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही."

"तुला काय माहीत आहे?"

"फार नाही." ते वहीवर हात फिरवत होते आणि कुणाकडेच बघत नव्हते. "पाखरं गेली त्या शनिवारी मी आलो आणि विचारलं नाही. विचारायचं नसतं म्हणाले, मला तेवढं कारण पुरलं. मग वाटलं, स्वतः शोधावं. चर्चच्या स्मशानात शोधलं. मिशनच्या. नदीपलीकडच्याही. सुटीच्या दिवशी जायचो, फिरायला जातो म्हणून सांगायचो. लहान दगड दिसला की वाकून बघायचो. बरीच वर्षं. कुठेच नव्हतं."

मात्लालीने हातातला कप न बघताच बाजूला धरला. न्थोफेलाने तो काढून घेतला.

फिरायला. रविवारी दुपारी टोपी घालून हा माणूस निघायचा आणि संध्याकाळी चपलांना लाल माती लावून परत यायचा. ती चपला झटकायची. चव्वेचाळीस वर्षं तिची पक्की समजूत होती, की पाखरं गेल्याचं लिहून हा माणूस मोकळा झाला. तिने ती वही एकदा उघडली होती, ती ओळ वाचली होती, आणि मनातला एक दरवाजा लावून घेतला होता. ती दर सोमवारी इथे येत होती आणि तो गावोगावच्या मातीत वाकून दगड वाचत होता. एकाच घरातून निघून दोघं एकालाच भेटायला जात होती, वेगवेगळ्या वाटांनी, एकमेकांना न सांगता. डोंगराकडे बघावं तसं ती नवऱ्याकडे बघत राहिली. हा इतका मोठा कधी झाला? की होताच?

"कुणाला शोधलंत?" त्सेलिसो म्हणाला. "काय चाललंय?"

"आपल्या भावाला," न्थोफेला म्हणाली.

त्सेलिसोच्या खांद्यावर कुदळ होती. त्याने ती उतरवली, जमिनीवर टाकली नाही, वाकून हलकेच ठेवली. काल याच जागेला तो काय म्हणाला होता ते त्याला आठवलं असावं. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि आईकडे बघितलं.

सेखोबेने टोपी काढून छातीशी धरली. मग तो म्हणाला, "म्मे, खोल्या तीनच होऊ देत, पाणी मी टाकीकडून फिरवीन. तुम्ही फक्त सांगा, हद्द कुठपर्यंत धरू? अंदाजाने नको. मला नीट दाखवा."

मात्लाली पुढे गेली. मोखेथी खुर्चीतून उठू लागले. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. मग खुंटी उपटली, ती सबंध आठवडा चोरून हलवलेली, आणि उंचवट्यापासून चांगली चार पावलं मोजून, भरदिवसा, सगळ्यांसमोर रोवली. दगड त्सेलिसोने आणून दिला. या वेळी तिने खुंटीवर फडका धरला नाही.

"इथपर्यंत," ती सेखोबेला म्हणाली. "याच्या पलीकडे कुदळ लावायची नाही."

"नाही लावणार. पलीकडे काय आहे म्हणून सांगू पोरांना?"

सांगायचं तर नाव घ्यावं लागणार होतं. सासऱ्याचं नाव सुनेने उच्चारायचं नसतं, तो जिवंत असो वा नसो. आणि बाळाला सासऱ्याचंच नाव होतं. गाव तिला त्या नावाने दिवसातून वीसदा हाक मारायचं, पण तिच्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं. बँकेत ती अगाथा होती. फोनवर 'मी बोलतेय' होती. राख पसरताना, एकटी असतानाही, ती त्याला नुसतं 'बाळा' म्हणायची. स्वतःच्या मुलाला तिने कधी हाक मारली नव्हती.

मोखेथींनी तिचा हात धरला. लग्नानंतर लोकांसमोर पहिल्यांदाच.

"इथे त्लाली आहे," ती म्हणाली.

पीचचं एक पिवळं पान वहीवर पडलं. मोखेथींनी ते काढलं नाही. सगळे लिकेलेली आत्याकडे बघत होते. नाव तिच्या बापाचं होतं, आणि सुनेला टोकायचा हक्क आता घरात तिच्या एकटीचाच उरला होता. आत्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती, तीच, जिला शेजारच्या खोलीतली कुजबूज ऐकू यायची.

"काय म्हणालीस?" आत्या म्हणाली. "मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हण."